रुमाल टाकलेली जागा

ट्राममध्ये जागा धरायला रुमाल टाकणारी नॉटिंगहॅम शहरातली पहिली बाई म्हणजे माझ्या सासूबाई. हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ट्राम नुकतीच सुरू झाली होती. दार उघडल्याबरोबर त्या माझ्या काखेखालून वाट काढत आत शिरल्या, समोरासमोरच्या सीटांपैकी दोन सीटांवर एकेक पांढरा रुमाल टाकला, स्वतः तिसरीवर बसल्या आणि दारात उभ्या असलेल्या आम्हा नवरा-बायकोला हात हलवून बोलावू लागल्या. डब्यात आम्ही धरून मोजकी माणसं होती. कुठेही बसलो असतो तरी चाललं असतं.

पलीकडे मरून रंगाची टोपी घातलेल्या एक काळ्या वयस्क बाई बसल्या होत्या. त्या उठल्या, दोन्ही रुमाल उचलले, त्यांची नीट घडी घातली आणि आईंच्या हातात ठेवत म्हणाल्या, "यू ड्रॉप्ड दीज, डार्लिंग." आईंनी हसून थँक्यू म्हटलं आणि बाईंची पाठ वळताच रुमाल परत टाकले. बाईंनी मागे वळून बघितलं. त्यांना वाटलं असणार, बिचारीचे हात कापतात. त्या परत उचलायला आल्या. आता मला मध्ये पडणं भाग होतं.

मी सांगितलं, की आमच्याकडे येणाऱ्या माणसासाठी असा रुमाल टाकून जागा धरतात. एसटीत तर खिडकीतून टाकतात. ट्रामच्या खिडक्या उघडत नाहीत म्हणून, नाहीतर आईंनी बाहेरूनच टाकला असता.

"आणि लोक ऐकतात? कोणी बसत नाही?" बाईंनी विचारलं.

"शक्यतो नाही."

"पण तो माणूस आलाच नाही तर?"

मी हे आईंना मराठीत सांगितलं. त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला. "न येणाऱ्यासाठी कोणी रुमाल टाकतं का? लोक उभे असतात. तिला सांग, रुमाल टाकला म्हणजे माणूस येतोच." मी सांगितलं. टोपीवाल्या बाईंनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

हे झालं २००४ च्या वसंतात. त्याच्या आधीचा हिवाळा आईंनी कसाबसा काढला होता.

सासरे गेले आणि आई आमच्याकडे आल्या. व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा. पुढे कायमचं मुलाजवळ राहायचं ठरवलं तर त्या वयाच्या, एकट्या पडलेल्या आईला तशी परवानगी मिळण्याची सोय तेव्हा होती. तेव्हा प्रश्न कायद्याचा नव्हता. आई राहणार, की पुण्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या परत जाणार, एवढाच प्रश्न होता. नवऱ्याला त्या राहायला हव्या होत्या, कारण त्या त्याच्या आई होत्या. मला हव्या होत्या, कारण मला त्या मनापासून आवडायच्या. सासू आवडते म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत. लग्न होऊन मी त्यांच्या घरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तुला स्वयंपाकाची आवड आहे, की आहे असं दाखवतेस?" मी खरं सांगितलं. त्यानंतर आमचं कधी बिनसलं नाही.

पण नॉटिंगहॅमच्या त्या हिवाळ्यात आई घरात बसून राहिल्या. बॅसफर्डला आमचं विटांचं, रांगेतलं छोटं घर होतं. शेजारीपाजारी चांगले, पण सगळे सकाळी निघून जाणारे. हायसन ग्रीनला देशी भाजी मिळायची, पण ते आईंच्या गुडघ्यांना चालत झेपणारं अंतर नव्हतं. नवरा रविवारी गाडी काढायचा. कधी हायसन ग्रीन, कधी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर वाणसामान आणि साड्यांची दुकानं. आई मागच्या सीटवर मांडीत पर्स घेऊन बसायच्या. आम्ही म्हणू तिथे उतरायच्या आणि आम्ही म्हणू तेव्हा परत बसायच्या. पुण्यात रोज मंडई, भजनी मंडळ, बँक, डॉक्टर असं सगळं एकटीने करणारी ही बाई इथे आठवडाभर रविवारची वाट बघायची.

बसचा प्रयोग त्यांनी एकदा करून पाहिला होता. पहिली बस समोरून निघून गेली, कारण हात करावा लागतो हे आम्ही सांगायला विसरलो होतो. दुसरी थांबली. काचेमागच्या ड्रायव्हरने विचारलं, कुठे? आईंना ठिकाण माहीत होतं, स्टॉपचं नाव माहीत नव्हतं. सुटे पैसे पर्समध्ये तळाशी गेले होते. मागे रांग उभी राहिली. "कोणी एक शब्द बोललं नाही गं," त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, "नुसते श्वास सोडत होते. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं." त्या तशाच उतरल्या आणि घरी आल्या. बसच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं एवढं मनाला का लागलं ते कळणार नाही. मी वाहतुकीच्या नियोजनात होते. एखाद्या शहरात ट्राम टाकली तर तिच्यात कोण बसेल, गाडी घरी ठेवून कोण येईल, दहा वर्षांनी गर्दी किती वाढेल, याचं गणित मांडायचं, हा माझा धंदा. त्या गणितात प्रवासाचा वेळ धरतात, भाडं धरतात, स्टॉपपर्यंतची पायपीट धरतात. गंमत अशी, की हे सगळं बसचं आणि ट्रामचं अगदी सारखं असलं तरी लोक ट्रामला झुकतं माप देतात. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी एक आकडा वेगळा घालतात आणि पुढे जातात. त्याला एक रुक्ष तांत्रिक नाव आहे. मी मनातल्या मनात त्याला लळ्याचा आकडा म्हणायचे.

घरसुद्धा मी त्या आकड्याच्या भरवशावर घेतलं होतं. मागच्या कुंपणापलीकडे खणाखणी चालू होती, खडी पडली होती आणि त्यामुळे घर जरा स्वस्तात मिळत होतं. नवरा म्हणाला, "लोक रेल्वेपासून लांब घर घेतात, तू रुळाला चिकटून घेतेस." त्याचं त्याच्या गाडीवर अतोनात प्रेम. दर रविवारी तिला आंघोळ घालायचा. मी त्याला सांगितलं, की एकदा ट्राम सुरू होऊ दे, मग बोल. असे वाद मी जिंकतेच, फक्त कधीकधी बरीच वर्षं लागतात.

तर त्या हिवाळ्यात मागच्या रुळांवर ट्रामच्या चाचण्या चालू होत्या. हिरवट रंगाच्या लांबलचक गाड्या, आत दिवे लागलेले आणि एकही प्रवासी नाही. आई मागच्या खोलीच्या खिडकीशी चहाचा कप घेऊन बसायच्या आणि बघायच्या.

"रिकाम्या का पळवतात?"

"चाचणी चालू आहे, आई."

"लोक बसतील ना पण? आमच्या माहेरची एसटी अशीच रिकामी जायची. मग बंद केली. मग माहेर लांब झालं."

मी काम म्हणून जे हजार पानांत लिहीत होते ते या बाईने तीन वाक्यांत संपवलं, असं मला वाटलं. पण मी तेव्हा एवढंच म्हटलं, की बसतील, तुम्हीही बसाल.

आणि बसल्या. रुमालाच्या त्या पहिल्या फेरीत आम्ही टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. हायसन ग्रीनजवळ रूळ रस्त्यातच घातले होते, दुकानांच्या पुढून. आई काचेला नाक लावून खाली बघत होत्या. "रस्ता खणून पुरलेत म्हणजे परत उचलून न्यायचा यांचा विचार दिसत नाही," त्या म्हणाल्या. ट्रामच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच असतो. बसचा मार्ग उद्या कोणी कागदावर बदलू शकतं. रूळ दिसतात. ते बघून माणूस घर घेतो, दुकान टाकतो. तिकीट द्यायला कंडक्टर सीटपाशी चालत आला, हेही आईंना फार आवडलं. त्याने त्यांना 'मी डक' म्हटलं. नॉटिंगहॅममध्ये सगळे सगळ्यांना डक म्हणतात. 'माझं बदक' असा अर्थ मी सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "असू दे, प्रेमाने म्हणतोय."

त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की मी एकटी जाऊन येते. नवरा म्हणाला, "आई, बी सेन्सिबल. हरवलीस तर?"

"रूळ जिथे संपतात तिथे उतरायचं आणि त्याच रुळांनी परत यायचं. यात हरवायचं काय?"

इंजिनिअर मुलाने तिकिटाचे सुटे पैसे त्यांच्या पर्समध्ये वरच ठेवले. त्या निघाल्या त्या दिवशी मी ऑफिसात होते. स्क्रीनवर आकडे दिसत होते आणि मला त्यात सगळीकडे पांढऱ्या साडीवर जाड कोट घातलेली एक बाई दिसत होती. संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, कच्च्या कैऱ्या. आई कैरी किसत होत्या. चेहरा असा, की सासरे गेल्यापासून मी तो बघितला नव्हता. मी कोट न काढता तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, कांदा चिरलाय ना. कांदा चिरलेला नव्हता. त्यांनी तो लगेच चिरायला घेतला.

मग आमच्या घरात ट्राम सोडून दुसरा विषय राहिला नाही. सुरुवातीला डब्यात माणसं कमी दिसली, की आईंना धास्ती वाटायची. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात त्यांनी पानावर बसलेल्या प्रत्येकाला ट्रामने जा म्हणून सांगितलं. सॉफ्टवेअरमधली मुलं, डॉक्टर मंडळी, कोणाला सोडलं नाही. "गाडी काय, पावसाळ्यात काढा," एका सर्जनला म्हणाल्या. इथे पावसाळा बारा महिने असतो, हे त्याने त्यांना सांगितलं नाही. सज्जन माणूस होता.

पण लोक येतच होते, आणि त्यात आमच्या मंडळाचा वाटा किती ते देव जाणे. महिन्यागणिक डबा भरत गेला. लांबची माणसं शहराबाहेरच्या तळावर गाड्या उभ्या करून येऊ लागली. कॉलेजची मुलं, बाळांच्या ढकलगाड्या घेऊन आया, व्हीलचेअरवरचे आजोबा, ज्यांना बसमध्ये चढायचं म्हणजे आधी दहा वेळा विचार करावा लागायचा. प्लॅटफॉर्म आणि ट्राम एका पातळीत, त्यामुळे नुसतं सरकत आत जायचं. आई रोज संध्याकाळी मला गर्दीची बातमी द्यायच्या, घरातलं कोणी परीक्षेत पास झाल्यासारखी. ऑफिसात कोणी ग्राफ दाखवला, की मला तो आधीच माहीत असायचा.

टोपीवाल्या बाई त्यांना दर गुरुवारी भेटू लागल्या. त्या बुलवेलहून यायच्या, म्हणजे आमच्या काही स्टॉप आधीपासून. तरुणपणी जमैकाहून आलेल्या, इथल्या हॉस्पिटलात नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या. दोघी गुरुवारी शहरातल्या मंडईत जायच्या. भाषेची बोंब होती, पण भेंडी, रताळी आणि गुडघे हे विषय दोघींना पुरत होते. गर्दी वाढली तशी आईंना आमच्या स्टॉपवर जागा मिळेनाशी झाली. मग त्यांनी टोपीवाल्या बाईंना एक रुमाल देऊन ठेवला. मोठा, पुरुषी, निळ्या काठाचा. ते सगळे रुमाल सासऱ्यांचे होते. कपडे वाटून टाकताना आईंनी तेवढे ठेवले होते. बाई बुलवेलला बसायच्या, शेजारी रुमाल टाकायच्या, आणि आमच्या स्टॉपवर आई चढल्या की रुमाल उचलून घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. लोक ऐकायचे. इंग्रज माणूस रांगेचा भुकेला, त्याला नियम दिसला की तो पाळतो, मग तो कोणाचाही असो.

आई राहणार, असं मी मनाशी धरून चालले होते. आणि मग ब्रॅकनेल आलं.

नवऱ्याची टीम वर्षअखेरीस दक्षिणेत, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला हलणार होती. जायचं, की इथेच दुसरं काम बघायचं, ते त्याने ठरवायचं होतं. त्याच्या डोक्यात एकच हिशोब. आई राहणार तर मोठं घर हवं, खाली तिची स्वतःची खोली, स्वतःचं बाथरूम. वाईट माणूस नाही तो. त्याला आईला सुखात ठेवायचं होतं, आणि सुख त्याला चौरस फुटांत मोजता येत होतं. मे महिन्यात एका शनिवारी आम्ही घर बघायला गेलो. एकामागून एक राउंडअबाउट, मग एक वळणावळणाची गल्ली, जिच्या टोकाला रस्ताच संपतो. घर सुंदर. खालची खोली बागेकडे उघडणारी. आईंनी खोली बघितली, नळ सोडून बघितला, आणि मला म्हणाल्या, "त्याला विचार, इथून भाजीला कसं जायचं?"

एजंट उत्साहाने म्हणाला, गाडीने पाच मिनिटं.

आईंनी मान डोलावली आणि नळ घट्ट बंद केला. परत येताना मोटरवेवर त्या बाहेरच्या गाड्या बघत होत्या. मग मागून शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाबांच्या स्कूटरवर मी जन्मभर मागे बसले. तो माझा नवरा होता, मी हौसेने बसले. आता म्हातारपण मागच्या सीटवर काढणार नाही."

"आई, पण आय विल टेक यू एनीव्हेअर," नवरा म्हणाला. "सांगायचं फक्त."

"तेच ना," आई म्हणाल्या.

त्याला ते कळलं नाही आणि मला तो गाडी चालवत असताना भांडायचं नव्हतं.

जून महिन्यातली एक गोष्ट सांगते, मग पुढे जाते. ट्रामच्या पुढच्या मार्गांचा विचार चालू झाला होता, आणि चर्चच्या हॉलमध्ये नकाशे लावून लोकांची मतं विचारत होते. मी तिथे कामाला उभी होते. नवरा बाहेरगावी, म्हणून आई बरोबर. एक उंच, लाल चेहऱ्याचे गृहस्थ माझ्यापुढे येऊन तावातावाने बोलत होते, की रस्ते खणणार, दुकानं बुडणार, आणि कशासाठी, आज गाडी कोणाकडे नाही? आईंनी विचारलं, काय म्हणतोय. मी थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचार त्याला, तुझ्या आईकडे आहे का गाडी."

अहो आई, मी कामावर आहे, असं मी म्हणाले. पण त्या गृहस्थांना कळलं होतं, की आपल्याबद्दल काहीतरी बोलणं झालं. मग मी जमेल तितक्या नम्रपणे विचारलं. ते थांबले. म्हणाले, आई क्लिफ्टनला असते. पूर्वी चालवायची, आता दिसत नाही. फारशी बाहेर पडत नाही ती. मग त्यांनी नकाशावर क्लिफ्टनचा स्टॉप कुठे येणार ते बोटाने शोधलं. त्यांचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. रस्ते खणण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण जाताना त्यांनी आईंशी हात मिळवला.

जुलैमध्ये सहा महिने संपले. आईंना जायचंच होतं. परत येऊन कायमचं राहण्यासाठी अर्ज करायचा का, हे त्यांनी पुण्याहून कळवायचं ठरलं. "बघू," त्या विमानतळावर म्हणाल्या. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ नाही असा असतो. मला दटावून म्हणाल्या, "रडू नकोस, माझं सामान वर ठेव." मी सामान वर ठेवलं.

नंतरचे महिने नुसते रविवारच्या फोनवर गेले. आई बऱ्या होत्या. भजनी मंडळ चालू होतं. फ्लॅट साफ होता. पण संध्याकाळी काय करता म्हटलं, की टीव्ही बघते म्हणायच्या, आणि त्यांना टीव्ही आवडत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी कधी विषय काढला, की म्हणायच्या, "तिकडे माझी कोणाला अडचण नको. तुमचं तुम्हाला कुठे जायचं ते ठरवा. माझ्यासाठी थांबू नका." नवरा ब्रॅकनेलला हो म्हणायच्या बेतात आला होता. तो म्हणाला, "शी इज नॉट कमिंग, तू मान्य कर." मी मान्य केलं नाही, पण मलाही एक प्रश्न पडला होता. बाईला इथे बोलवायचं, तर कशासाठी? आम्ही तर सकाळी निघून जाणार.

ऑक्टोबरात गूझ फेअर भरतं. शहरातली मोठी जत्रा, आमच्या ट्रामच्या वाटेवरच. त्या आठवड्यात घरी बॉयलर दुरुस्त करायला माणूस यायचा होता म्हणून एका गुरुवारी मी उशिरा निघाले. ट्राम आली ती गच्च भरून. बुलवेलपासूनच जत्रेला निघालेली पोरंटोरं, आया, आज्या. मी कशीबशी दारातून आत शिरले. लोक दाटीवाटीने, एकमेकांना सॉरी म्हणत उभे होते. आणि त्या सगळ्यात एक सीट रिकामी. तिच्यावर निळ्या काठाचा पांढरा रुमाल अंथरलेला, आणि शेजारी मरून टोपी.

बाईंनी मला ओळखलं, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होत्या. दार लागेपर्यंत बघत राहिल्या. दार लागलं, ट्राम हलली, तेव्हा त्यांनी रुमाल उचलला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि बाळ कडेवर घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीला बस म्हणाल्या.

मी त्यांच्यापाशी सरकले. म्हटलं, आई तर इंडियाला गेल्यात, जुलैतच. त्यांनी सांगितलं नाही का?

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तिने मला विमान काढून दाखवलं होतं, हाताने."

"मग हे?"

"दर गुरुवारी टाकते. तुमच्या स्टॉपपर्यंतच. पुढे अडवून ठेवत नाही, लोक असतात." मग मला काही कळत नाही असं बघून म्हणाल्या, "तूच तर सांगितलंस मला, पहिल्या दिवशी. रुमाल टाकला म्हणजे माणूस येतो."

मी पुढच्या स्टॉपवर उतरले. ऑफिसला जायचं सोडून प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसले आणि पुण्याला फोन लावला. तिकडे दुपार होती. मला धड बोलता येईना. आईंना वाटलं, काहीतरी वाईट झालं. मी म्हटलं, तसं नाही, ट्राममध्ये तुमच्या जागेवर रुमाल आहे.

"कोणता रुमाल?"

"निळ्या काठाचा. बाबांचा. तुमच्या मैत्रिणीने टाकलाय. दर गुरुवारी टाकतात."

माझ्या समोरून शहराकडून येणारी ट्राम गेली, तीही भरलेली. मग त्यांनी विचारलं, "गर्दी होती?"

"जत्रा आहे, आई. पाय ठेवायला जागा नव्हती."

"लोक उभे होते?"

"बाळं घेऊन उभे होते."

"आणि ती जागा रिकामी?"

"आपल्या स्टॉपपर्यंत."

मी काही विनवलं नाही. ब्रॅकनेलचं नाव काढलं नाही, तुम्ही नसलात की घर खायला उठतं हेही सांगितलं नाही, जे खरं होतं.

"हे काही बरं नाही," शेवटी आई म्हणाल्या. "माझ्यासाठी लोकांना असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय. त्याला म्हणावं, काय अर्ज करायचाय तो कर, आणि तिकीट बुधवारचं बघ. गुरुवारी मला मंडईत जायचंय."